तैलरंगात डोंगरातलं सरोवर : शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांच्या धाटणीचं, बर्फाच्या शिखरांखाली पसरलेलं शांत पाणी ऑइलमध्ये रंगवायला घेतलं की साधारण त्याच त्या अडचणी येतात. खालच्या उत्तरांमध्ये नमुन्यादाखल एकच चित्र समोर ठेवलं आहे. आल्बर्ट बिअरस्टाट यांचं १८६८ सालचं ‘अमंग द सिएरा नेवाडा, कॅलिफोर्निया’. ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात बघता येतं. ते उघडून ठेवा आणि मग पुढे वाचा.

‘रोमँटिक’ म्हणजे काय? नावेत बसलेलं जोडपं काढायचं का?

नको. इथे रोमँटिक म्हणजे मराठी समीक्षेत ज्याला स्वच्छंदतावाद म्हणतात तो प्रवाह. जर्मनीत कास्पार डाव्हिड फ्रिडरिश, इंग्लंडमध्ये टर्नर, स्वित्झर्लंडमध्ये अलेक्सांद्र कालाम, अमेरिकेत टॉमस कोल आणि त्यांच्या मागून बिअरस्टाट. या चित्रांत निसर्ग माणसापेक्षा अफाट असतो, किंचित धाक घालणारा असतो. माणूस किंवा जनावर असलंच तर नखाएवढं.

रंगवणाऱ्याच्या भाषेत याचे तीन अर्थ होतात. झगझगीत उजेड चित्रात एकाच जागी. पुढचा भाग सावलीत. आणि डोंगर किती मोठा ते कळावं म्हणून कुठेतरी एक ओळखीची लहान गोष्ट. बिअरस्टाटच्या चित्रात ते काम काठावरची हरणं करतात. हरणांवर बोट ठेवून चित्र पाहा, कडे लगेच बुटके होतात.

खऱ्या जागेचंच चित्र काढायला हवं का?

मुळीच नाही. बिअरस्टाट पश्चिम अमेरिकेत १८५९ आणि १८६३ मध्ये फिरले, कागदावर ऑइलची लहान स्केचेस केली. पण हे चित्र त्यांनी रोममधल्या स्टुडिओत रंगवलं, आणि त्यातलं दृश्य जसंच्या तसं कुठे सापडत नाही. फ्रिडरिश यांनी तर ‘वाट्समान’ हे प्रसिद्ध पर्वतचित्र (१८२४–२५) तो डोंगर कधीही न पाहता, एका शिष्याच्या जलरंग अभ्यासावरून आणि स्वतःच्या जुन्या स्केचेसवरून केलं. तेव्हा तीन फोटोंतून एक सरोवर जुळवायला हरकत नाही. फक्त तिन्ही फोटोंत ऊन एकाच बाजूने येत असायला हवं. घोळ होतो तो इथेच: शिखर डावीकडून उजळलेलं आणि झाडं उजवीकडून.

कॅनव्हास केवढा घ्यावा?

मूळ चित्र १८३ बाय ३०५ सेंटिमीटर आहे, म्हणजे उंची-रुंदीचं प्रमाण ३ : ५. त्याच प्रमाणातला १२ × २० इंची कॅनव्हास शिकायला उत्तम. त्याहून लहान घेतला तर पाण्यातल्या प्रतिबिंबाला जागा उरत नाही. पहिलंच चित्र ३० इंची घेतलं तर आकाश ओलं असेपर्यंत पुरं होत नाही.

बाजारातल्या तयार, स्वस्त कॅनव्हासवर अस्तर पातळ असतं आणि ते तेल शोषून घेतं. मग गडद भाग वाळल्यावर राखाडी, निस्तेज दिसतो. आधीच जेसोचे (कॅनव्हासला लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा, आणि दुसरा वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा.

रंग कोणते लागतील?

आठ पुरतात: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, व्हिरिडियन, यलो ऑकर, कॅडमियम यलो लाइट, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि अलिझरिन क्रिमसन. पांढऱ्याची ट्यूब बाकीच्यांच्या तिप्पट मोठी घ्या. आकाशातच निम्मी संपते. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर समसमान मिसळले की काळ्याच्या जवळचा रंग होतो, आणि निळा किंवा तपकिरी थोडा वाढवून तो थंड किंवा उबदार करता येतो. ट्यूबमधला काळा सावलीत भोक पाडल्यासारखा दिसतो.

प्रशियन ब्लू टाळा. मोहरीएवढा पडला तरी अख्खं पॅलेट निळं करतो.

आणि ब्रश?

हॉगहेअरचे (डुकराच्या ताठ केसांचे) चपटे ४, ८ आणि १२ नंबर, मऊ सिंथेटिक चपटा एक इंची (हा फक्त पाण्यासाठी, बाकी कशाला लावू नका), फांद्यांसाठी लांब केसांचा रिगर १ नंबर, आणि एक पॅलेट नाइफ, मुख्यतः रंग मिसळायला. फॅन ब्रश घेतलात तर झाडं त्याने काढायचा मोह होतो, म्हणून न घेतलेला बरा.

घरातलं जवसाचं तेल चालेल का?

हा प्रश्न विदर्भातून हमखास येतो, कारण तिथे जवसाचं तेल स्वयंपाकघरात असतं. ऑइल पेंटमधलं लिनसीड ऑइल म्हणजे जवसाचंच तेल, हे खरं. पण खायच्या तेलात बियांचा गाळ आणि चिकट अंश राहतो. ते सावकाश वाळतं आणि जास्त पिवळं पडतं. चित्रकारांसाठीचं रिफाइन्ड लिनसीड घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ‘डबल बॉइल्ड’ दारं-खिडक्यांसाठी असतं, ते काळवंडतं. शेंगदाणा आणि खोबरेल तर वाळणाऱ्या जातीचीच तेलं नाहीत, चित्र कायम ओलं राहील.

पातळ करायला टर्पेंटाइन किंवा बिनवासाचं मिनरल स्पिरिट. रॉकेल नको, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. खिडक्या उघड्या ठेवा. पंख्याखाली बसून दार लावून घेतलंत तर तासाभरात डोकं धरतं.

‘आधी सुकं, वर तेलकट’ हा नियम न पाळल्यास काय होतं?

तडे जातात. इथे सुकं म्हणजे कमी तेलाचा थर. ऑइल पेंट पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. ज्या थरात तेल जास्त, तो उशिरा घट्ट होतो. तेलकट थरावर सुका थर दिलात तर वरचा आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि वरच्याला भेगा पडतात.

व्यवहारात एवढं लक्षात ठेवा. पहिला थर: रंग आणि फक्त टर्पेंटाइन. दुसरा: रंग ट्यूबमधून निघतो तसाच, किंवा एक भाग तेल व दोन भाग टर्पेंटाइन यांचं मिश्रण थोडंसं. शेवटचा: तेल आणि टर्पेंटाइन समभाग.

सुरुवात आकाशापासून करायची ना?

रंगाची सुरुवात आकाशापासून, चित्राची नाही. आधी पत्त्याएवढ्या आकारात पेन्सिलीने चार-पाच चौकटी काढा आणि त्यात फक्त चार टोन भरा: कोरा कागद, फिकट, मध्यम, गडद. उजेडाची जागा कोऱ्या कागदाची, आणि ती एकच. दोन असतील तर एक मिटवा. चौकट हातभर लांब धरल्यावरही डोंगर, पाणी, काठ वेगळे ओळखू आले तर पुढे जा. इथे जमलं नाही ते कॅनव्हासवर रंगाने सुधारत नाही.

मग कॅनव्हासला पातळ रंगाचा हात द्या: बर्न्ट सिएना, त्यात नावाला अल्ट्रामरीन, भरपूर टर्पेंटाइन, आणि जुन्या बनियनच्या फडक्याने पुसून मध्यम टोन. पांढऱ्या कॅनव्हासवर सगळेच रंग गडद वाटतात आणि हात भीत भीत चालतो. उबदार तळ असला की निळ्या-राखाडीच्या फटींतून तो डोकावतो आणि थंड चित्रात ऊब राहते. दिवसभर वाळू द्या. मग बर्न्ट अंबरने रेषा आणि मोठ्या सावल्या टाका. पाण्याची पलीकडची कड कॅनव्हासच्या बरोबर मध्यावर आणू नका. खालून एक तृतीयांशाच्या आसपास ठेवा.

ढगांतून फुटणारा उजेड पांढरा रंग लावूनही उजळत का नाही?

कारण शेजारी पुरेसं राखाडी नसतं. उजेड पांढऱ्या रंगातून येत नाही, आजूबाजूच्या दबलेल्या रंगातून येतो. ट्यूबमधलं पांढरं जसंच्या तसं लावलं की खडूचा डाग दिसतो.

लिंबाएवढा पांढरा घ्या, त्यात हरभऱ्याएवढा अल्ट्रामरीन आणि तेवढाच बर्न्ट सिएना. हा ढगांचा राखाडी. आकाशाचा तीन चतुर्थांश भाग याच्या फिकट-गडद छटांनी भरा. आता वेगळ्या जागी पांढऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा कॅडमियम यलो आणि त्याहून कमी अलिझरिन. हा उजेड. तो जाडसर, एका जागी ठेवा आणि ब्रश पुसून कड राखाडीत ओढा. उजेडाला लागून असलेला ढग थोडा अधिक गडद आणि किंचित जांभळट करा. एवढ्यानेच उजेड ‘पेटतो’.

खाली उतरणारे किरण त्याच दिवशी काढू नका. आकाश आणि डोंगर पुरते वाळल्यावर, आठ-दहा दिवसांनी, कोरड्या हॉगहेअरवर पांढरा आणि ऑकर अगदी कमी घेऊन, तो कागदावर जवळजवळ पुसून टाकून, उजेडाच्या जागेपासून खाली घासा. किरण सगळे एकाच बिंदूतून निघावेत आणि खाली विरत जावेत. जास्त झाले तर फडक्याने पुसा. खालचा थर वाळलेला असल्यामुळे काही बिघडत नाही. दोन किंवा तीन पट्टे बस. सात काढले की कॅलेंडर होतं.

मागचे डोंगर पुढच्यांना चिकटलेले दिसतात.

दूरचा डोंगर निळा केला म्हणजे झालं, अशी समजूत आहे. निळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्यातला फिकट-गडदाचा फरक कमी व्हायला हवा. मधली हवा सावल्या उजळवते, म्हणून दूरच्या कड्यातली सर्वांत गडद भेगसुद्धा जवळच्या कड्याच्या उजळ बाजूच्या आसपास असते. डोळे बारीक करून पाहा: मागच्या रांगेत काळं काही दिसलं तर ते चूक.

बर्फाचं मात्र उलट. सावल्या निळसर होत जातात, पण दूरचं उन्हातलं बर्फ निळं होत नाही, पिवळसर किंवा फिकट गुलाबी होतं, कारण पांढऱ्यातला निळा भाग वाटेतच हवेत विखुरतो. सूर्य मावळताना लाल दिसतो त्याचंही कारण हेच. म्हणून दूरच्या शिखरावर पांढऱ्यात ऑकरचा शितोडा, आणि त्याच्या सावलीत अल्ट्रामरीनसोबत थोडा अलिझरिन.

प्रत्येक रांगेचा पायथा धुक्यात सोडा. कडा वर स्पष्ट, खाली हरवलेला. ओल्या रंगावर कोरडा मऊ ब्रश आडवा फिरवला की धुकं आपोआप होतं.

पाणी. पाणी जमत नाही. प्रतिबिंब उलटं काढलं तरी ते आरशासारखं वाटत नाही.

निम्मे प्रश्न याच एका गोष्टीचे असतात, म्हणून सावकाश.

पहिली चूक भूमितीची. प्रतिबिंब म्हणजे वरचं दृश्य उलटं करून चिकटवणं नव्हे. आपण डोंगराकडे काठावरच्या उंचीवरून बघतो. पाणी त्याच डोंगराकडे खालून बघतं. त्यामुळे पुढच्या टेकडीमागून डोकावणारं शिखर प्रतिबिंबात कमी दिसतं, कधी पूर्ण झाकलं जातं. पाण्यावर वाकलेल्या फांदीचं प्रतिबिंब तिचं पोट दाखवतं. कागदावर फोटो उलटा ठेवून ट्रेस केलेलं प्रतिबिंब याच कारणाने खोटं वाटतं. मात्र प्रत्येक टोक आपल्या प्रतिबिंबाच्या बरोबर उभ्या रेषेत हवं. बाजूला सरकलं की नजर अडखळते.

दुसरी चूक टोनची. पाण्यात उजळ गोष्टी थोड्या गडद होतात आणि गडद गोष्टी थोड्या उजळ. म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब आकाशाहून एक पायरी खाली, काळ्या झाडीचं प्रतिबिंब झाडीहून एक पायरी वर. वरचाच रंग खाली वापरलात तर पाणी आणि आकाश एकाच भिंतीवर टांगल्यासारखे दिसतात.

तिसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. आपण पाण्याकडे जेवढं तिरपं बघतो तेवढा आरसा. जेवढं सरळ खाली बघतो तेवढं पारदर्शक. म्हणून पलीकडच्या काठाजवळ चकचकीत प्रतिबिंब, आणि आपल्या पायाशी तळातले दगड. फोरग्राउंडमध्ये, म्हणजे चित्राच्या पुढच्या भागात, प्रतिबिंब हळूहळू विझवत न्या आणि बर्न्ट अंबर, ऑकर, चिमूटभर व्हिरिडियन यांच्या मिश्रणाने बुडालेले गोटे सुचवा, कडा पुसट ठेवून.

हाताचं काम असं: पाण्याचा भाग आकाशाच्या खालच्या पायरीच्या रंगाने पातळ भरा. त्यावर डोंगर-झाडांचे रंग उभ्या फटकाऱ्यांनी वरून खाली ओढा. ब्रश दर तीन फटकाऱ्यांनी पुसा. मग तो राखून ठेवलेला एक इंची मऊ ब्रश, पूर्ण कोरडा, पिसासारखा हलका, डावीकडून उजवीकडे एकदाच. दुसऱ्यांदा फिरवलात की प्रतिबिंबाची पेज होते. वाळल्यावर पलीकडच्या काठालगत फिकट राखाडीची बारीक आडवी रेघ द्या, सलग नव्हे, तुटक. वाऱ्याची झुळूक पाण्याला लागते ती जागा. या एका रेघेने पाणी आडवं पडतं.

सरोवर एका बाजूने सांडतंय असं वाटतं.

पलीकडचा काठ तिरका गेलाय. कॅनव्हासच्या खालच्या कडेपासून दोन्ही टोकांना पट्टीने मोजा. दोन मिलिमीटरचा फरकही डोळ्याला कळतो. वाळलेल्या रंगावर मास्किंग टेप लावून कड सरळ करा. खाडीची वळणं काढताना ती दूरवर जवळजवळ सपाट होतात हेही विसरू नका. वळण गोल काढलं की सरोवराचा हौद होतो.

पाणी फिरोजा रंगाचं करावं का?

हिमनदीने दगडाचं पीठ करून पाण्यात मिसळलेलं असतं, तेव्हा तसा दुधाळ फिरोजा रंग दिसतो. तो घेतलात तर प्रतिबिंबं मंद करा. दुधाळ पाणी आणि काचेसारखं प्रतिबिंब एकत्र शोभत नाही.

हिरवा फार भडक येतो.

व्हिरिडियनमध्ये बर्न्ट सिएना घाला, जवळजवळ निम्मा. सूचिपर्णी झाडं काढताना खोडाची रेघ आधी, मग फांद्या चपट्या ब्रशच्या कोपऱ्याने, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला मोडलेल्या. दोन्हीकडे सारखी उतरती केली की नाताळची सजावट तयार. एखादं वठलेलं खोड अवश्य ठेवा. टॉमस कोल यांनी १८२५ मध्ये अमेरिकेतल्या कॅट्स्किल डोंगरांतल्या सरोवराचं चित्र अशाच वठलेल्या झाडांवर उभं केलं आहे.

ग्लेझ कधी आणि कशाचा?

ग्लेझ म्हणजे वाळलेल्या रंगावरचा पातळ, पारदर्शक थर. तो द्यायचा खालचा थर बोटाला चिकटत नाही आणि नखाने खरवडत नाही, तेव्हा. एक भाग रंग, चार भाग तेल-टर्पेंटाइनचं मिश्रण. पारदर्शक रंगच वापरा: अलिझरिन, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, बर्न्ट सिएना. ऑकर किंवा पांढरा घातलात तर ग्लेझ नाही, धुरळा होतो. फोरग्राउंडच्या दगडांवर अल्ट्रामरीन-सिएनाचा एक ग्लेझ दिला की सगळा पुढचा भाग एका सावलीत जातो आणि मागचं पाणी उजळतं. चित्रातला सर्वांत कमी कष्टाचा, सर्वांत मोठा फरक हाच.

टीव्हीवर अर्ध्या तासात होतं, मग इथे महिना का?

ती ओल्यावर ओलं रंगवायची वेगळी रीत आहे, आणि तिची स्वतःची मजा आहे. नाइफने ओढलेलं बर्फ त्यात छान येतं. पण किरण, ग्लेझ आणि पाण्यातली खोली वाळलेल्या थरांवरच होते. १२ × २० चं चित्र पाच-सहा बैठकांत, चार ते सहा आठवड्यांत पुरं होतं. त्यातला बराच काळ फक्त वाळण्याची वाट.

पावसाळ्यात वाळतच नाही.

बर्न्ट अंबर एक-दोन दिवसांत वाळतो, त्यातलं मँगनीज मदत करतं. टायटॅनियम व्हाइट आणि अलिझरिनला एरवीही आठवडा लागतो, कोकणातल्या जुलैत दोन. चित्र कपाटात किंवा पलंगाखाली ठेवू नका: अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि दमट भिंतीला टेकलेल्या कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. भिंतीपासून चार बोटं दूर, उजेडात पण थेट उन्हात नाही. चार महिने जमणार नसेल तर पावसाळ्यात चौकटी आणि टोनचा सराव करा, रंग दिवाळीनंतर.

वापरलेली फडकी कचऱ्यात टाकली तर?

टाकू नका. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून ढिगात पडलं की वाळताना निघणारी उष्णता आत कोंडते आणि ते आपणहून पेट घेऊ शकतं. बाहेर दोरीवर एकेक पसरून कडक वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा.

हीच रीत सह्याद्रीला लागू पडेल?

उजेडाची आणि पाण्याची, हो. डोंगरांची नाही. सह्याद्रीच्या कातळात आडवे थर आहेत आणि माथे सपाट. आल्प्सची टोकं त्यावर बसवलीत तर भंडारदरा ओळखू येणार नाही. तिथलं आर्थर लेक प्रवरा नदीवरच्या विल्सन धरणाचं पाणी आहे. पातळी उतरली की काठाला उघड्या मातीचा फिकट पट्टा दिसतो. तो लपवू नका, पाणी आणि हिरवळ त्यानेच वेगळी होतात. बर्फाचं काम इथे ढग करतात.

व्हार्निश आणि सही?

व्हार्निश सहा महिन्यांनी, जाड थर असतील तर वर्षाने. तोवर निस्तेज पडलेल्या जागांवर रिटच व्हार्निशचा (तात्पुरत्या व्हार्निशचा) पातळ हात चालतो. सही व्हार्निशच्या आधी, रिगरने, फोरग्राउंडच्या सावलीत, आसपासच्या रंगाहून एकच पायरी उजळ. पाण्यावर सही करू नका. नजर तिथेच अडकते. नक्कल असेल तर मागच्या बाजूला ‘बिअरस्टाट यांच्या चित्रावरून’ असं लिहून खाली आपलं नाव आणि साल घाला, पेन्सिलीने, कॅनव्हासवर नव्हे तर लाकडी चौकटीवर. शाईचा डाग कापडातून पुढे येऊ शकतो.